टीएसएच कमी आला म्हणजे थायरॉईड कमी झाला नव्हे: या चुका टाळा

रिपोर्टवर टीएसएच ०.०१ आणि शेजारी खाली जाणारा बाण. तो बघून घरातच निदान होतं, 'थायरॉईड कमी झालाय', आणि आईची सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी लेकही घ्यायला लागते. यातली सगळ्यात घातक चूक हीच. टीएसएच थायरॉईड बनवतच नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते, गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावण्यासाठी. रक्तात टी३, टी४ हे थायरॉईडचे हार्मोन जास्त झाले की पिट्युटरी हात आखडता घेते आणि टीएसएच घसरतो. म्हणजे थायरॉईड कमी नाही, जास्त काम करत असू शकतो. अशा वेळी आईची ती थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉईड हार्मोनचीच, गोळी म्हणजे आगीत तेल. म्हणून टीएसएच कमी दिसला की फ्री टी४ आणि टी३ दोन्ही बघायलाच हवेत. कधी कधी एकटा टी३च वाढलेला असतो.

तपासणीआधी आणखी एक गोष्ट आठवून बघा. केस गळतात म्हणून बायोटिन हे जीवनसत्त्व चालू आहे का? ५-१० मिलिग्रॅमच्या या गोळ्या अनेक लॅबच्या चाचणीपद्धतीत गोंधळ घालतात. ठणठणीत माणसाचाही टीएसएच खोटा कमी आणि टी४ खोटा जास्त येऊ शकतो. रक्त देण्यापूर्वी किमान दोन दिवस त्या बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

थायरॉईड जास्त झाल्याच्या लक्षणांकडे डोळेझाक होते, कारण सुरुवातीला ती चांगलीच वाटतात. चार घास जास्त खाऊनही वजन उतरतं आणि सगळे कौतुक करतात. छातीतली धडधड टेन्शनच्या नावावर जाते, घाम आणि उकाडा पाळी जाण्याच्या वयावर. हात पुढे करून बोटांवर कागद ठेवा, तो थरथरतो का बघा. मांडी घालून बसल्यावर उठताना मांड्यांत बळ राहत नाही का? शांत बसलेलं असतानाही नाडी शंभरच्या आसपास आहे का? वयस्कर माणसांत तर यातलं फारसं काही दिसतच नाही. नुसता थकवा, उतरलेलं वजन आणि अनियमित ठोके. आजोबांचं 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका.

मग घाई होते ती कारण न शोधता औषध सुरू करण्याची. ग्रेव्हज आजारात शरीराची प्रतिपिंडंच ग्रंथीला चेतवतात. डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं ही त्याचीच खूण. काहींच्या ग्रंथीतली एखादी गाठ आपल्या मनाने हार्मोन बनवत सुटते. थायरॉयडायटिसमध्ये, म्हणजे विषाणूसंसर्गानंतर किंवा बाळंतपणानंतर ग्रंथीला आलेल्या सुजेत, नवीन हार्मोन बनतच नाही, साठवलेला बाहेर गळतो. तिथे कार्बिमाझोल, म्हणजे हार्मोन बनणं रोखणारं औषध, देऊन उपयोग शून्य. हा फरक टीआरएबी चाचणी (ग्रेव्हजची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) आणि टेक्निशियम स्कॅनने (किरणोत्सारी द्रव्य टोचून ग्रंथीचं काम दाखवणारा स्कॅन) कळतो. नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नका. गाठ त्यात दिसते, पण ती जादा हार्मोन बनवते का, ते कळत नाही.

गरोदर असाल तर टेक्निशियम स्कॅन नाही. बाळ अंगावर पीत असेल तर आधी सांगा. पहिल्या तीन महिन्यांत गर्भारपणामुळेही टीएसएच खाली येतो, त्याला लगेच आजार समजू नका.

कार्बिमाझोल चालू असताना ताप आला, घसा दुखला, तर घरी काढा करत बसू नका. क्वचित पांढऱ्या पेशी धोकादायक घटतात. पुढची गोळी न घेता त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून डॉक्टरांना गाठा.