शेवटची लाईट झाली, आता पुढं काय? तोंडाच्या-गळ्याच्या कॅन्सरनंतर घरच्यांनी करायची कामं

आमच्या अण्णांची शेवटची लाईट (म्हणजे रेडिएशन, त्यालाच शेक पण म्हणतात) झाली त्या दिवशी घरी पेढे आणले. ते पेढे आम्हीच खाल्ले, कारण अण्णांना पेढा गिळता येत नव्हता आणि हे आणणारीच्या डोक्यातच आलं नाही (आणणारी मीच). गालाचा कॅन्सर, आधी ऑपरेशन, मग सहा आठवडे ३० लाईट, तोपर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असायचं. "सुटलात बघा आता" म्हणून सगळे गेले, येणं बंद झालं आणि खरं काम तिथनं सुरू झालं. हॉस्पिटलात असताना सगळं कुणीतरी सांगत असतं, घरी आल्यावर सांगायला कोणी नसतं, म्हणून आम्ही चुकत चुकत जे शिकलो ते लिहितेय. मी डॉक्टर नाही, प्रत्येकाची केस वेगळी असते, तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

पहिली गोष्ट, लाईट संपल्या म्हणजे दुसऱ्या दिवशी बरं वाटत नाही. उलट पुढचे एक-दोन आठवडे तोंडातला जाळ वाढतो, आम्ही घाबरलो होतो की आजार परत आला की काय. जखमा भरायला काही आठवडे जातात, चव परत यायला महिने जातात, आणि लाळ पहिल्यासारखी कधीच येत नाही असंही होतं, कारण कानाखालच्या लाळेच्या ग्रंथींवर शेक बसलेला असतो. म्हणून "अजून कसं बरं वाटत नाही" हे वाक्य घरात बंद करा. त्या माणसाला ते आपण नापास झाल्यासारखं ऐकू येतं.

आता तोंड उघडण्याबद्दल, कारण यात आम्ही सगळ्यात जास्त मार खाल्ला. ऑपरेशन आणि शेकामुळं जबड्याचे स्नायू आखडत जातात, आणि गुटखा-सुपारीवाल्यांचं तोंड तर आधीपासूनच आखडलेलं असतं. पेशंटची स्वतःचीच तीन बोटं उभी, एकावर एक, समोरच्या दातांमधे जातात का बघायचं. मोजपट्टीनं मोजलं तर ३५ मिलिमीटरच्या खाली आलं की तोंड आखडलंय असं धरतात. अण्णांचं दोन बोटांवर आलं तेव्हा आम्हाला कळलं, तोवर चमचा आडवा जात नव्हता आणि ब्रश मागच्या दाढेपर्यंत पोचत नव्हता. फिजिओनं आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचा व्यायाम दिला. चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमधे धरायच्या, ताण बसेल पण कळ येणार नाही एवढ्याच, आणि सवय झाली की मधे अजून एक काडी सरकवायची. किती काड्या, किती वेळ, दिवसातनं किती वेळा हे फिजिओकडनंच ठरवून घ्या, आपल्या मनानं जोर लावू नका. आम्ही रोजचा काड्यांचा आकडा भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहायचो, दुधाच्या हिशोबाशेजारी. आकडा वाढला की अण्णा स्वतःच दाखवायचे, कमी झाला की गप्प बसायचे, तेव्हा आपणही गप्प बसायचं. आणि हा व्यायाम दोन महिन्यांचा नाही, शेकाचा कडकपणा पुढं वर्षानुवर्षं वाढू शकतो, त्यामुळं दात घासण्यासारखाच तो रोजचा धरायचा.

ज्यांना छातीचं मांस-कातडं गालात लावलंय त्यांच्यासाठी एक बारीक गोष्ट जी आम्हाला कोणीच सांगितली नव्हती: छातीवर केस असतील तर ते तोंडातही उगवतात. अण्णांना वाटलं जेवणातच केस आलाय, आईवर ओरडले बिचारे. शेक बसल्यावर बहुतेक गेले. असं दिसलं तर घाबरू नका, घरी कात्री घालू नका, डॉक्टरांना दाखवा.

जेवण. इथं सगळे नातेवाईक तज्ज्ञ असतात, हळद घाला, गोमूत्र द्या, साखर बंद करा, कोणाचं काय तर कोणाचं काय. साखर बंद वगैरे करून आधीच हाडकुळ्या झालेल्या माणसाचं वजन अजून घालवू नका. खरा प्रश्न घशाखाली काय उतरतं हा असतो. कोरडं काहीच उतरत नाही, सगळं ओलसर आणि घसरतं लागतं. आमच्याकडं चाललेलं म्हणजे मऊ भातावर तूप आणि वरण, मुगाची पातळ खिचडी, तांदळाची उकड, नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी (कडा काढून), अंड्याचं मऊ बुर्जीसारखं काहीतरी, दही-केळं, खरवस मिळाला तर सण. मिरची बिलकुल नाही, फोडणीतली सुद्धा टोचते, आंबट पण सुरुवातीला नको. तूप, दूध पावडर, शेंगदाण्याचं बारीक कूट घालून तेवढ्याच वाटीत जास्त ताकद बसवायची, कारण दोन वाट्या खायला पाऊण तास लागतो. दर रविवारी एकाच काट्यावर वजन करा, सारखं उतरत असेल तर पुढच्या चेकअपची वाट बघत बसू नका.

पाऊण तासावरनं आठवलं. आम्ही सगळे दहा मिनिटांत जेवून उठायचो आणि अण्णा एकटे ताटावर, मग त्यांना लाज वाटून तेही अर्ध्यात उठायचे. एक महिना कळलंच नाही वजन का उतरतंय. मग आईनं स्वतःचं जेवण मुद्दाम हळू केलं, ती शेवटपर्यंत ताटावर बसायची, काही बोलायची नाही. लग्नाच्या पंगतीत तर ते जायलाच तयार नसत, ओठांच्या कोपऱ्यातनं आमटी गळते म्हणून. तिथं आग्रह करू नका. घरून खाऊन जायचं, तिथं थोडं ताक घ्यायचं आणि खिशात दोन रुमाल. "अहो घ्या की थोडं" म्हणणाऱ्या मावशींना बाजूला घेऊन आधीच सांगून ठेवायचं.

गिळताना ठसका लागणं हलक्यात घेऊ नका. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, आणि काही जणांना तर ठसकाही लागत नाही, गुपचूप आत जातं. ताठ बसवून जेवायचं, घास छोटा, एक गिळून झाल्याशिवाय दुसरा नाही, जेवताना टीव्ही नाही आणि गप्पा नाहीत, जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. गंमत अशी की पाण्यासारखं पातळच कित्येकांना सगळ्यात अवघड जातं. गिळायचे व्यायाम स्पीच थेरपिस्ट शिकवतात, आम्हाला वाटायचं ते फक्त बोलायचं शिकवतात. हॉस्पिटलात विचारा, सांगून पाठवतीलच असं नाही. नाकात नळी किंवा पोटात पेग (जठरात थेट अन्न सोडायची नळी) असेल तरी थेरपिस्टनं परवानगी दिली असेल तेवढं तोंडानं रोज गिळायचं, नाहीतर गिळायचे स्नायू काम विसरतात.

तोंड कोरडं पडतं त्याला सतत घोट-घोट पाणी, उशाशी बाटली, आणि दिवसातनं चार-पाच वेळा गुळण्या, एक लिटर कोमट पाण्यात एक छोटा चमचा मीठ आणि एक छोटा चमचा खायचा सोडा. बाजारातला झोंबणारा माऊथवॉश नको. लाळ नाही म्हणजे दात झपाट्यानं किडतात, म्हणून लहान मुलांचा मऊ ब्रश आणि डॉक्टर देतील ते फ्लोराईड.

आणि हे ठळक अक्षरात वाचा. शेक बसलेल्या जबड्यातला दात असाच काढायचा नसतो, कधीच नाही, दहा वर्षांनी सुद्धा. त्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, दात काढल्यावर जखम न भरण्याचा आणि हाड सडायला लागण्याचा धोका असतो. आमच्या इथल्या एका डेंटिस्टनं "हलतोय, काढून टाकू" म्हणून खुर्चीत बसवलं पण होतं, आईनं फाईल पुढं केली म्हणून थांबलं. दाताच्या कुठल्याही डॉक्टरकडं गेलं की पहिलं वाक्य "जबड्याला रेडिएशन झालंय", आणि काही करायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायचं.

मानेतल्या गाठी काढल्या असतील तर बऱ्याचदा त्या बाजूचा खांदा पडतो, हात वर जात नाही, शर्ट घालायला त्रास होतो. "म्हातारपण" म्हणून सोडू नका, खांद्याचे व्यायाम असतात. सकाळी हनुवटीखाली सूज दिसते ती बऱ्याचदा साचलेल्या पाण्याची असते, उशाकडनं उंच करून झोपलं की कमी होते, पण एकदा दाखवून घ्या. मानेची कातडी बधिर असते, ब्लेडनं दाढी करताना कापलेलं कळत नाही, ट्रिमर घ्या. उन्हात उपरणं. आणि मानेला शेक बसला असेल तर दर सहा ते बारा महिन्यांनी थायरॉइडची टीएसएच टेस्ट. अण्णा दिवसभर झोपायचे, थंडी वाजायची, आम्ही म्हणायचो मन खचलंय, थायरॉइड कमी निघाला, गोळी सुरू झाली आणि माणूस उठून बसला.

पण मन खरंच खचतं, सगळंच थायरॉइड नसतं. आरशासमोर जात नाहीत, फोन उचलत नाहीत. अण्णा फोनवर बोलले की समोरचा राँग नंबर म्हणून ठेवून द्यायचा, ते त्यांना दुखण्यापेक्षा जास्त लागायचं. त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही, हे मला सगळ्यात अवघड गेलं. कळलं नाही तर "परत सांगा" म्हणायचं, कळल्यासारखी मान हलवायची नाही, त्यांना ते लगेच समजतं. शरद पवारांचं तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन २००४ साली झालं आणि त्यानंतर किती वर्षं ते सभा घेत फिरले ते अख्ख्या महाराष्ट्रानं बघितलं, अण्णांना सगळ्यात जास्त धीर त्याचा आला, पक्ष वेगळा असून. जगण्यातच रस राहिला नाही असं बोलायला लागले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलता येतं, आणि डॉक्टरांनाही लगेच सांगा.

स्वरयंत्र काढलेल्यांचं अजून वेगळं, ते गळ्याच्या भोकातनंच श्वास घेतात. अंघोळीला तिथं पाणी जाऊ द्यायचं नाही, धूळ-धुरात पातळ कापड, आणि कधी बेशुद्ध पडले तर कृत्रिम श्वास तोंडातनं नाही, त्या भोकातनं द्यायचा. हे शेजाऱ्यांनाही माहीत हवं. अशांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वरयंत्र काढल्यानं येणाऱ्या वाचादोषाचा उल्लेख आहे. तपासणीला रेल्वेनं जात असाल तर तिकिटात सवलत मिळते, हॉस्पिटलकडनं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र घ्या.

तंबाखू. टपरीवरचे मित्र परत बोलावतात, "आता तर बरा झालास". सुपारी पण नाही, नुसती सुगंधी सुद्धा नाही, सुपारी एकटीच कॅन्सर करू शकते. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे आणि तो कुठं मिळतो ते तुम्हालाही माहीत आहे. घरात मिश्री लावणारं कोणी असेल तर त्यांनाही थांबवा, एकानं सोडायचं आणि दुसऱ्यानं ओट्यावर डबी ठेवायची हे चालत नाही. सोडायला मदत लागली तर १८००-११-२३५६ ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे.

चेकअप चुकवू नका, आजार परत यायचा असेल तर बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत येतो, म्हणून सुरुवातीला एक-दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. मधेच दोन आठवड्यांत न भरणारा फोड, मानेत नवीन गाठ, एकाच बाजूचा कान दुखणं, गिळायला अचानक जास्त त्रास, यातलं काही दिसलं तर तारखेची वाट बघायची नाही. तोंडातनं किंवा मानेतनं भळाभळा रक्त, नाहीतर श्वास अडकतोय, तर सरळ इमर्जन्सी.

चेकअपच्या आधीचा आठवडा आमच्या घरात अजूनही वाईट जातो, सगळे एकमेकांवर चिडतात. आता आम्ही काय करतो, फाईल आदल्या रविवारीच लावून ठेवतो, वहीत प्रश्न लिहितो (अण्णा स्वतः लिहितात, तिथं डॉक्टरसमोर आवाज फुटत नाही म्हणून), आणि परत येताना स्टँडसमोर उसाचा रस पितो, बिनबर्फाचा, अण्णांचा ग्लास अर्धा.