बाहेरच्या भिंतीचा स्टको आणि कॉन्ट्रॅक्टरची निवड

इथे अमेरिकेत नुकतंच घर घेतलेल्या दोन कुटुंबांनी मला लागोपाठ एकच प्रश्न विचारला: बाहेरच्या भिंतीला तडे गेलेत, कोणाला बोलवायचं? दोघांनाही फोनवर घाईघाईत सांगितलं. आता सविस्तर लिहितो, कारण हे मला कोणी वेळेवर सांगितलं असतं तर माझे बरेच पैसे वाचले असते.

आपण विटांच्या घरांत वाढलो. तिथे गिलावा थेट विटेवर बसतो. थोडं पाणी मुरलं तर रंगाचे पोपडे निघतात, पण भिंत उन्हात वाळते. इथली बरीच घरं लाकडी सांगाड्याची. सांगाड्यावर प्लायवूडच्या फळ्या, त्यावर पाणी अडवणारा कागद, कागदावर तारेची जाळी, आणि त्या जाळीवर सिमेंट-वाळूचा स्टको. दिसायला आपल्या गिलाव्यासारखाच, म्हणून आपली फसगत होते. स्टको पावसाचं पाणी पूर्ण अडवत नाही. थोडं आत जातंच. ते कागदावरून ओघळून भिंतीच्या तळाशी बसवलेल्या पट्टीतून बाहेर पडावं, अशी ही सगळी रचना असते. त्या पट्टीला वीप स्क्रीड म्हणतात. पाण्याची ही वाट कुठेही बंद झाली की लाकूड आतून कुजत जातं, आणि बाहेरून भिंत छान दिसत राहते.

माझ्या पहिल्या घरात खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरका तडा गेला होता. ओळखीतून आलेल्या माणसाने तो भरला, वर जाड रंग दिला आणि दिवसभरात काम उरकलं. इतर दोन कॉन्ट्रॅक्टरनी सांगितलेल्याच्या निम्म्या पैशांत झालं म्हणून मी खूश होतो. दोन पावसाळे गेले. एकदा त्या खिडकीखाली आतल्या बाजूने हात टेकला तर भिंत गार आणि दमट लागली. उघडून पाहिली तेव्हा फळी भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी झाली होती, बोट सहज आत गेलं. खिडकीभोवतीची पत्र्याची पट्टी कागदाच्या वर आली होती, खाली नाही, त्यामुळे वरून ओघळणारं पाणी थेट लाकडात जात होतं. जाड रंगामुळे आतली ओल बाहेर पडायलाही जागा उरली नव्हती.

म्हणून कॉन्ट्रॅक्टर घरी आला की मी आधी दर विचारत नाही. ‘हा तडा कशामुळे गेला असेल?’ एवढं विचारतो आणि तो काय करतो ते पाहतो. जाणकार माणूस घराला फेरी मारतो. बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत जातो, पोकळ आवाज आला की थांबतो. वाकून तळाची पट्टी पाहतो. छताची कड जिथे भिंतीला मिळते तिथे पाणी भिंतीपासून दूर वळवणारा पत्रा आहे का, हे तपासतो. शंका आली तर ओल मोजायचं यंत्र काढतो. केसाएवढे बारीक तडे सिमेंटला जातातच, त्यांची धास्ती नको, हेही तोच सांगतो. गाडीजवळ उभं राहून आकडा सांगणाऱ्याला मी चहा पाजून परत पाठवतो. वादळ-पावसानंतर दारोदार फिरून ‘आजच सही केलीत तर सूट’ म्हणणाऱ्याला तर दारातूनच.

तिघांकडून लेखी कोटेशन घ्या, पण ते एकाच कामाचं आहे ना ते बघा. पारंपरिक स्टको तीन हातांचा असतो: जाळीत रुतणारा खरवडलेला पहिला थर, सपाटीचा दुसरा आणि रंग-पोताचा शेवटचा. तिन्ही मिळून जाडी सुमारे 7/8 इंच. एकाच पातळ थराची पद्धतही असते, आणि फोमच्या पाट्यांवर करतात तो प्रकार तर पूर्ण वेगळा. लाकडावर कागदाचे दोन थर हवेत, कारण वरचा स्टकोला चिकटतो आणि पाणी वाहायला आतला मोकळा राहतो. मोठ्या भिंतीत सांधे कुठे सोडणार, तेही लिहून घ्या. साधारण 144 चौरस फुटांपेक्षा मोठा तुकडा सलग ठेवत नाहीत.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो. परवाना क्रमांक सरकारी यादीत स्वतः तपासा. विम्याचा दाखला विमा कंपनीकडूनच मागवा, आणि त्यात कामगारांचा विमा आहे का ते पाहा. प्रत्यक्ष काम कोणाची माणसं करणार ते विचारा. बांधकामाची परवानगी लागत असेल तर ती कॉन्ट्रॅक्टरच्या नावाने निघू द्या, तुमच्या नावाने निघाली तर जबाबदारीही तुमच्यावर येते. पैसे टप्प्याटप्प्याने द्या, मोठी उचल देऊ नका. जुनी कामं पाहायला जाल तेव्हा गेल्या महिन्यातलं नको, चार-पाच पावसाळे काढलेलं घर दाखवायला सांगा.

काम सुरू झाल्यावर एक दिवस सुट्टी घ्यायची असेल तर जाळी ठोकून झाल्यावर आणि पहिला थर चढण्याआधी घ्या. नंतर आतलं काही दिसणार नाही. मी मागच्या वेळी मोबाईल घेऊन प्रत्येक खिडकीपाशी गेलो. वरच्या कागदाची कड खालच्या कागदावर आलीय ना, कुठे फाटलाय का, खिडकीचे कोपरे झाकलेत का, सगळ्याचे फोटो काढले. दोन ठिकाणी कागद फाटलेला सापडला आणि कारागिराने लगेच नवा तुकडा लावला.

पुढचे दिवस पाणी मारण्याचे. पहिले दोन थर निदान 48 तास ओलसर राहायला हवेत. कडक उन्हात हे झालं नाही तर तडे ठरलेलेच. पारा 4 अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर कामच पुढे ढकला. दुसऱ्या थरानंतर शेवटच्यापर्यंत आठवडाभर थांबणारा कॉन्ट्रॅक्टर आळशी नाही, तो भिंतीला आकसून घ्यायला वेळ देतोय. त्याला घाई करू नका.

थोडीच दुरुस्ती असेल तर रंगाचं आधी बोलून घ्या. नवा तुकडा जुन्या भिंतीशी तंतोतंत जुळत नाही. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण बाजूला शेवटचा हात द्यायला सांगा. शेवटचा हप्ता देण्याआधी कॉन्ट्रॅक्टरने मालाच्या दुकानदाराचे आणि हाताखालच्या माणसांचे पैसे चुकते केल्याचं लेखी घ्या, नाहीतर ते तुमच्या घरावर दावा लावू शकतात.

आणि काम संपल्यावर भिंतीलगत फुलझाडं लावायची असतील तर माती तळाच्या पट्टीपासून किमान 4 इंच खाली ठेवा, फरशी किंवा काँक्रीट असेल तर 2 इंच. माझ्या शेजाऱ्यांनी हौसेने वाफा केला आणि ती पट्टी मातीखाली गाडली गेली. आम्ही दोघांनी मिळून एका रविवारी ती पुन्हा मोकळी केली.