पितळेचे जॉब गोदामात तडकतात? या चुका टाळा

कुपवाड-मिरज एमआयडीसीतल्या प्रेस शॉपमध्ये पितळेच्या कपाला, म्हणजे पत्रा दाबून केलेल्या पेल्यासारख्या भागाला, तडा दिसला की आधी पत्र्याला दोष देतात, मग डायला (साच्याला). बहुतेक वेळा खरं कारण धातूत साठलेला ताण असतो.

७०/३० पितळेचा (७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त) नरम पत्रा दाबला की त्याच्या दाण्यांत (धातूच्या बारीक स्फटिकांत) डिस्लोकेशन म्हणजे रचनेतले रेषीय दोष वाढतात. चौरस सेंटिमीटरला कोटीच्या आसपास असणारे हे दोष जड कामानंतर लाख कोटींपर्यंत जातात, एकमेकांत गुंततात आणि पत्रा कडक होतो. अशा वेळी मधला ताव (तापवून पत्रा पुन्हा नरम करणं) वाचवून पुढचा ड्रॉ (डायमध्ये खोल ओढणं) मारला, तर कपाचा तळ फाटणारच.

ताव ५५० ते ६०० अंशांवर, थर्मोकपल (तापमान मोजणारं साधन) लावून द्या. रंग पाहून दिलेला ताव ७०० च्या पुढे सहज जातो. मग दाणे मोठे होतात आणि पुढच्या ड्रॉत पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो. पॉलिशिंगचा खर्च तिथेच वाढतो. पाच-सात टक्केच ताणलेल्या पत्र्यालाही ताव देऊ नका: नवे दाणे मोजकेच जन्मतात, म्हणून अवाढव्य वाढतात. ताव दिल्यावर पाण्यात बुडवलं तरी हे पितळ पोलादासारखं कडक होत नाही, ती भीती सोडा.

सर्वांत महागडी चूक मात्र माल तयार झाल्यावर होते. तपासणीत पास झालेली पितळी टोपी पावसाळ्यात, युरियाच्या पोत्यांशेजारी किंवा गोठ्यालगतच्या खोलीत ठेवली की काही आठवड्यांत उभी चिरते. आत अडकलेला ओढीचा ताण, ओलावा आणि अमोनिया एकत्र आले की दाण्यांच्या सीमांवरून तडा धावतो. ब्रिटिशकालीन भारतात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच फुटत. जस्त १५ टक्क्यांच्या वर गेलं की धोका वाढतो. तासगावच्या द्राक्षबागांसाठी फवारणीचे सुटे भाग बनवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण त्यांचा माल खताच्या खोलीतच राहतो.

शेवटच्या फॉर्मिंगनंतर २५० ते २७५ अंशांवर तासभर भट्टीत ठेवा. ताण उतरतो, कडकपणा जवळपास तसाच राहतो. गॅसची टॉर्च फिरवू नका, असमान तापल्याने नवा ताण तयार होतो. प्रत्येक लॉटमधले दोन-चार नग हवेशीर जागी, बंद बरणीत अमोनियाच्या वाफेत २४ तास ठेवा, मग धुऊन भिंगाखाली पाहा. भट्टीनंतर घट्ट प्रेस-फिट केलेल्या (दाबून बसवलेल्या) बुशवर, म्हणजे नळीसारख्या भागावर, पुन्हा ताण चढतो, त्यामुळे चाचणीला जोडणी झालेले नगच घ्या.