सर्व्हिसिंगला टाकली म्हणजे झालं, असं नसतं राव

आपल्याकडे गाडीवाल्यांचे दोन प्रकार. एक दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बादली आणि फडकं घेऊन गाडी चकाचक करणारे, आणि दुसरे सर्व्हिस सेंटरचा फोन आला की गाडी देऊन मोकळे होणारे. दोघांनाही विचारा की स्टेपनीत हवा आहे का, दोघंही तुमच्याकडे बघत बसतील. आणि हे कुठल्या गावात, तर पुण्यात, जिथे वेताळ टेकडीवर गाड्यांची तपासणी करणारी एआरएआय संस्था आहे आणि पलीकडे चाकणला गाड्या बनतात तिथे!

सर्व्हिस वर्षातनं एकदा किंवा दहा हजार किलोमीटरला होते, टायरमधली हवा काही वर्षभर टिकत नाही. मधल्या काळात गाडीकडे बघायचं तुम्हालाच. त्याला मेकॅनिक असावं लागत नाही, पंधरा दिवसांतनं एकदा दहा-पंधरा मिनिटं द्या आणि ते समोरच्या खणात प्लास्टिकसकट पडलेलं मॅन्युअल एकदा उघडा, पुढे मी जे आकडे सांगतोय ते तुमच्या गाडीचे वेगळे असले तर मॅन्युअलचं ऐका, माझं नाही.

सगळ्यात आधी टायर. पंपावर काय होतं बघा, पोरगा विचारतो "साहेब किती टाकू?" आणि आपण म्हणतो "टाक की, किती लागते तेवढी". तो टाकतो पस्तीस, त्याला काय, त्याच्यासाठी अल्टो आणि स्कॉर्पिओ सारखीच. तुमच्या गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर एक स्टिकर असतो त्यावर असतो, काही गाड्यांना पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. लहान गाड्यांना साधारण ३० ते ३६ पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) मध्ये, पुढचा-मागचा वेगळा असू शकतो, आणि पाच माणसं प्लस डिकीभर सामान असेल तर वेगळा. टायरच्या बाजूवर जो मोठा आकडा छापलेला असतो तो त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तो बघून हवा भरू नका. आणि हवा थंड टायरमध्ये बघायची, म्हणजे सकाळी निघाल्या-निघाल्या. हिंजवडीहून तासभर ट्रॅफिकमध्ये तापून आलेला टायर जास्तच दाखवणार, ते बघून हवा सोडली तर सकाळी टायर कमी. गाडीतल्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा, हवा भरायचा छोटा इन्फ्लेटर मिळतो, तो घेऊन टाका, पंपावरच्या रांगेची कटकटच संपली. हवेऐवजी नायट्रोजन भरा म्हणून कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका, साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

लोकांना वाटतं जास्त हवेने टायर फुटतो. एक्सप्रेसवेवर उलटं जास्त होतं. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला दबतात, दबून दबून तापतात, त्यात मे महिन्याचं ऊन आणि ताशी १००, मग तो फाटतो. फाटलाच तर करकचून ब्रेक मारायचा नाही, स्टेअरिंग दोन्ही हातांनी सरळ घट्ट धरायचं, ॲक्सिलरेटर सोडायचा, गाडीला आपोआप हळू होऊ द्यायचं आणि मग डावीकडे घ्यायची.

टायर घासला का ते बघायला खाचांमध्ये आडवे छोटे उंचवटे असतात, रबर त्यांच्या लेव्हलला आलं म्हणजे १.६ मिलिमीटर उरलं, म्हणजे टायर संपला, "अजून एक पावसाळा काढू" चालत नाही. वयही बघा. टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, २३२१ असेल तर २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढे गेलेला टायर खाचा छान दिसत असल्या तरी जाणत्या माणसाला दाखवा, विशेषतः सेकंडहँड गाडी घेतली असेल तर. आणि खड्ड्यात दाणकन आदळली (पुण्यात कधी ना कधी आदळणारच) की उतरून टायरच्या बाजूला फुगा आलाय का बघा. फुग्याला पंक्चर काढण्यासारखा इलाज नाही, टायर बदलायचा, आणि तोवर एक्सप्रेसवे बंद.

स्टेपनी बदलायचा सराव एकदा घरी पार्किंगमध्येच करून घ्या, रात्री अकराला खंबाटकी घाटात मोबाइलच्या टॉर्चवर पहिल्यांदा शिकण्यापेक्षा बरं. सपाट जागा, हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, जे चाक काढायचंय त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड. मग नट ढिले करायचे, जॅक लावायच्या आधी! गाडी उचलल्यावर नट फिरवायला गेलात तर चाकच फिरतं आणि जॅक निसटायची भीती. गाडीखाली हात-पाय घालायचा नाही. नवीन चाक बसवून नट हाताने लावायचे, जॅक उतरवायचा, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने कसायचे. थोडं चालवून परत एकदा पाना लावून बघायचा.

आता बॉनेट. ऑइल बघायला गाडी सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढायची, पुसायची, परत पूर्ण घालायची आणि मग काढून बघायची. दोन खुणांच्या मध्ये असलं की ठीक. जास्त ओतलेलंही वाईट. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, टाकीवरच्या खुणेवरनं कळतो, झाकण गरम असताना उघडू नका, प्रेशरखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. कूलंटच्या जागी नळाचं पाणी वर्षानुवर्षं टाकणारे काका प्रत्येक सोसायटीत एक असतात, त्या पाण्याचे क्षार आत साचतात, रेडिएटर चोक होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात, आणि लेव्हल हळूहळू खाली येतेय म्हणजे बहुतेक ब्रेक पॅड घासलेत, अचानक खाली आली तर गळती, मग गाडी हलवायचीच नाही. बॅटरी तीन ते पाच वर्षं, टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड आली की साफ करून व्हॅसलिन लावा.

वायपरच्या खाली काचेच्या बुडाशी जी जाळी असते ना, तिथे बघा एकदा. झाडाखाली लावलेल्या गाडीत गुलमोहराची पानं, पाकळ्या तिथे साचून पाण्याची वाट बंद होते आणि जूनमध्ये पाणी आत पायाशी. पाच मिनिटांचं काम आहे. एसीचा फिल्टरही बऱ्याच गाड्यांत समोरच्या खणाच्या मागे असतो, खण सुटला की हाताने निघतो. सर्व्हिस सेंटर त्याचेच "एसी ट्रीटमेंट" म्हणून वेगळे पैसे लावतं.

बिलाचं बोलायचं तर, गाडी टाकतानाच सांगायचं की मॅन्युअलमध्ये या किलोमीटरला जे लिहिलंय तेवढंच करा, बाकी काही वाटलं तर आधी फोन करा, आणि काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवा. फ्लशिंग, डीकार्बनायझेशन, अँटी रस्ट, इंजिन ड्रेसिंग असलं जे बिलात हळूच घुसतं त्यातलं बरंचसं चालत्या गाडीला लागत नाही. जुने पार्ट मागितले की समोरच्याचा सूरच बदलतो, करून बघा.

डॅशबोर्डवरचे दिवे : लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे दाखवून घ्या. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा किंवा टेंपरेचर लाल झालं तर "घर दोन किलोमीटरवर आहे" करू नका, तेवढ्यात इंजिन जातं.

आता चालवण्याचं, आणि त्यातही उतार. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर नवले पुलापर्यंतचा उतार रोजचा आहे आपल्यासाठी, नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथे एका ट्रकने कित्येक गाड्या चिरडल्या, नोव्हेंबर २०२५ मध्ये परत तेच, आगीसकट, माणसं गेली. तरी आजही लोक अशा उतारावर गाडी न्यूट्रल करतात, पेट्रोल वाचतं म्हणून. वाचत नाही हो! आजकालच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटरवरनं पाय काढून उतरलात की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलंत की इंजिन चालू ठेवायला उलट इंधन लागतं, आणि सगळा भार ब्रेकवर. इंजिनच बंद केलंत तर त्याहून वाईट, ब्रेकला जी मदत मिळते ती दोन-तीन वेळा दाबल्यावर संपते आणि पेडल दगड होतं, स्टेअरिंग पण जड.

म्हणून ज्या गिअरमध्ये चढाल साधारण त्याच गिअरमध्ये उतरा. सिंहगडावरनं रविवारी खाली येताना दुसरा गिअर टाका, गाडी स्वतःच धरून ठेवते, ब्रेक अधूनमधून दाबून सोडायचा, सतत पाय ठेवायचा नाही. ऑटोमॅटिक असेल तर एल (लो, म्हणजे खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा, ते चिन्ह शोभेला नाहीये. जळका वास यायला लागला, पेडल मऊ लागलं, तर बाजूला थांबा आणि ब्रेक निवू द्या, पाणी मारू नका, तापलेल्या डिस्कवर गार पाणी पडलं की ती वाकडी होऊ शकते. अरुंद घाटात चढणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम आहे, उपकार नाही. आणि मागे एक गाडी-दोन गाड्या किती जवळ आहेत ते बघत चला, कात्रजला तर पुढच्यापेक्षा मागचा जास्त महत्त्वाचा.

पावसाळ्यात गाडी कुठे लावता ते बघा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता जातो, दर वर्षी जातो, आणि दर वर्षी कुणीतरी गाडी तिथेच ठेवून लक्ष्मी रोडला खरेदीला. सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने आणि जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पार्किंगमधल्याच गाड्या बुडाल्या. बुडालेल्या गाडीला एकच नियम, चावी फिरवायची नाही. इंजिनात पाणी असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, पाणी दबतच नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो आणि बिल लाखात. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, टो करून न्या. साध्या इन्शुरन्समध्ये हे नुकसान बहुधा धरत नाहीत, इंजिन प्रोटेक्टचा राइडर (जादाचं कव्हर) वेगळा घ्यावा लागतो, नदी-ओढ्याजवळ राहणाऱ्यांनी घ्याच. चालवताना पाणी अर्ध्या चाकापेक्षा वर दिसलं तर वळवा. आणि पावसात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नका प्लीज, मागच्याला तुम्ही थांबलाय की वळताय काही कळत नाही.

सीएनजीवाल्यांनी सिलिंडरची टेस्ट दर तीन वर्षांनी करायची असते, प्लेटवर तारीख असते. पीयूसी संपलं असेल तर दंड दहा हजारांपर्यंत आहे, आणि पीयूसी शंभर-दोनशेत होतं, हिशोब तुम्हीच करा.

हायवेवर बंद पडलीच तर गाडी जमेल तितकी डावीकडे, चारही इंडिकेटर आता लावा, गाडीतला लाल चमकणारा त्रिकोण किमान ५० मीटर मागे ठेवायचा, आणि सगळ्यांनी डाव्या दारातून उतरून रेलिंगच्या पलीकडे उभं राहायचं, गाडीत बसून गाणी ऐकायची नाहीत. मदतीला फोन राष्ट्रीय महामार्गावर १०३३, जीवावरचं असेल तर ११२. खासगी टोवाला आला तर भाव आधी ठरवा, हुक लावायच्या आधी, एकदा गाडी वर चढली की मग तो म्हणेल ते.