मजुरी तिच्याच हातात द्या

तासगावात माझं बेदाणा निवडायचं शेड आहे. हंगामात तीस-पस्तीस बायका कामाला असतात. त्यातल्या एकीचा नवरा दर शनिवारी गेटवर यायचा, "ताई, तिचा पगार द्या की इकडं" म्हणायचा आणि मी देत होते. घरचाच माणूस, म्हणून. मग एका सोमवारी ती डाव्या हातानं काड्या वेचताना दिसली. उजव्या हाताची बोटं मिटतच नव्हती. "जिन्यावरनं पडले," म्हणाली. तिचं घर मी पाहिलेलं, पत्र्याची एक खोली. जिना कुठला?

तेव्हापासून पगार ज्या बाईचा तिच्याच खात्यावर जातो. खातं उघडताना मोबाईल नंबर कुणाचा जोडलाय तेही बघा. नवऱ्याचा असला तर पैसे जमा झाल्याचा मेसेज आधी त्याला जातो.

विचारायचं ते एकटीला, मुकादमासमोर नाही. "घरी त्रास होतोय का?" एवढं विचारून गप्प बसा. ती नाही म्हणाली तर खोदू नका, पुढं कधीतरी ती आपणहून येऊ शकते. "सोडून दे त्याला" म्हणू नका. आणि नवऱ्याला बोलावून समजावायला तर अजिबात जाऊ नका, त्याचा राग रात्री तिच्यावरच निघतो.

तिचा फोन तो तपासत असेल, म्हणून १८१ या महिला हेल्पलाइनला ऑफिसच्या फोनवरून बोलू द्या. जिवावर बेतलं तर ११२. आधार, रेशनकार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या यांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात ठेवा. अंगावर वळ दिसला किंवा तो गेटवर येऊन ओरडला, तर तारखेनिशी वहीत लिहा. पुढं कोर्टात ते कामी येतं.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे अशा बायकांच्या मदतीसाठी सरकारनं नेमलेल्या अधिकाऱ्याला, कुणीही कळवू शकतं, मालकसुद्धा. चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर काही येत नाही. पण आधी तिला विचारा, जीव तिचा आहे. वकील तालुका विधी सेवा समितीकडून फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. याच कायद्यानं न्यायदंडाधिकारी नवऱ्याला तिच्या कामाच्या जागी यायलाही बंदी घालू शकतात. हे बऱ्याच मालकांना माहीतच नसतं. तसा आदेश मिळाला तर एक प्रत गेटवर ठेवा. कोर्टाच्या तारखेचा खाडा मांडू नका.

वॉचमनला बजावून ठेवा: ती आत आहे का, कधी सुटते, कुठल्या एसटीनं जाते, हे कुणालाही सांगायचं नाही. सासूनं विचारलं तरी नाही.