हक्कसोडपत्रावर सही करण्यापूर्वी: अमेरिकेतील वृद्ध आईवडिलांसाठी मेडिकेडची पूर्वतयारी

कोल्हापुरात नर्सिंग होम म्हटले की एखादे छोटे रुग्णालय डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र त्याचा अर्थ परावलंबी वृद्धांची रात्रंदिवस शुश्रूषा करणारी निवासी संस्था असा आहे. तिथला खर्च मेडिकेअर, म्हणजे प्रामुख्याने ज्येष्ठांसाठीचा सरकारी आरोग्यविमा, रुग्णालयातील मुक्कामानंतर जास्तीत जास्त 100 दिवस, तोही अंशतः, उचलते. त्यापुढे आधार मेडिकेडचा, म्हणजे अल्प उत्पन्न व मालमत्ता असलेल्यांसाठीच्या सरकारी वैद्यकीय मदतीचा, आणि अनेक राज्यांत त्यासाठी एकट्या व्यक्तीकडे 2,000 डॉलरपेक्षा अधिक गणनीय (पात्रतेच्या हिशेबात धरली जाणारी) मालमत्ता असून चालत नाही. ग्रीन कार्डधारकांना सहसा आधी पाच वर्षे थांबावे लागते.

अर्ज केल्यावर बहुतेक राज्ये मागील 60 महिन्यांचे व्यवहार तपासतात आणि त्यांत भारतातले व्यवहारही सांगावे लागतात. आपल्याकडची रीत नेमकी इथे आड येते. माझ्या आत्या गणपतीला माहेरी आल्या, दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांचा फोटो निघाला, अंगठा उमटला आणि करवीर तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा त्यांनी भावांच्या नावे सोडला. दस्तात 'विनामोबदला' असा शब्द होता. आपल्या लेखी ते बहिणीचे मन होते. मेडिकेडच्या लेखी ते दान ठरते.

दिलेल्या मालमत्तेच्या किमतीला त्या राज्यातील नर्सिंग होमच्या सरासरी मासिक खर्चाने भागले, की जितके महिने येतील तितके महिने मदत मिळत नाही. हिस्सा 1,20,000 डॉलरचा आणि मासिक खर्च 10,000 डॉलर धरला, तर बारा महिने. त्यातही हा काळ दस्ताच्या तारखेपासून मोजला जात नाही. बाकीची शिल्लक संपून माणूस अन्यथा पात्र ठरल्यावर तो सुरू होतो, म्हणजे हाती पैसा नसतानाच.

म्हणून हिस्सा सोडायचाच असेल, तर प्रकृती धडधाकट असताना, पाच वर्षांचे अंतर राखून सोडावा. अन्यथा तो बाजारभावाने विकावा. खरेदीखत आणि रक्कम बँकेत जमा झाल्याची नोंद जपावी, आणि आलेले पैसे आधी शुश्रूषेवरच खर्च होतील हे धरून चालावे. कर्जफेड आणि घराची दुरुस्ती यांवरचा खर्च दान मानला जात नाही. जोडीदार राहत असलेले घर सामान्यतः गणनेत येत नाही, मात्र दोघांच्या पश्चात राज्य त्यातून वसुली करू शकते.

सातबारा, फेरफार, मालमत्ता पत्रक आणि इथल्या बँकेतील ठेवींचे पाच वर्षांचे उतारे इंग्रजी भाषांतरासह एका फाईलीत ठेवावेत. राज्यागणिक नियम बदलतात. म्हणून ज्येष्ठांच्या कायद्याचे काम करणाऱ्या तिथल्या वकिलाला दस्ताचा मसुदा सहीपूर्वी दाखवावा, आणि त्याचे उत्तर येईपर्यंत निबंधक कार्यालयाची वेळ घेऊ नये.