यूव्ही प्रिंटिंग: नाव निघतं, हेड जाम होतं? या चुका टाळा

पोळ्याच्या शिल्डवरचं नाव नखाने निघालं की दुकानदार म्हणतो, "भाऊ, अजून वाळलं नसंल." पण यूव्हीची, म्हणजे अतिनील प्रकाशाने पक्की होणारी शाई वाळतच नाही. तिच्यात उडून जाणारं सॉल्व्हंट जवळपास नसतं. हेडशेजारच्या (हेड म्हणजे शाई फवारणारा भाग) एलईडीचा साधारण 365 ते 395 नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश पडला की शाईतलं फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाशाने जागं होणारं रसायन, काम सुरू करतं, मोनोमर-ऑलिगोमर हे छोटे रेणू एकमेकांत गुंफतात आणि पातळ शाईचं क्षणात घट्ट प्लास्टिक होतं. पंख्याखाली ठेवून काही साधत नाही.

म्हणून मशीनला दोष देण्याआधी, निघालेली शाई बोटावर घेऊन बघा. चिकट लागली तर प्रकाश कमी पडला: दिव्याची काच मळलेली, स्पीड जास्त, नाहीतर पांढऱ्या शाईचा थर इतका जाड की वरून कडक आणि खालून कच्चा. कोरडी पापडी निघाली तर शाई पक्की झालीय, फक्त पृष्ठभागाला धरली नाही. मग दिवा वाढवून उपयोग नाही. उलट शाई ठिसूळ होते.

धरत नाही ती काचेला, स्टीलला, टाइल्सला. तिथे त्या-त्या मटेरियलचा प्रायमर (शाई धरून ठेवणारा आधीचा थर) लावायलाच हवा. पॉलिप्रॉपिलीनचे डबे तर आणखी अवघड. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नंतर हात लावू नका. सॅनिटायझरने पुसणारे बरेच आहेत. त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. ॲक्रिलिकवर थिनर नको, बारीक तडे जातात. एक नमुना छापा, दुसऱ्या दिवशी ब्लेडने चौकटी पाडून टेप लावा आणि झटक्यात ओढा. टेपवर रंग आला नाही तरच पूर्ण ऑर्डर घ्या.

खरं नुकसान हेडचं होतं, आणि त्यात आपल्याकडच्या हवेचा मोठा वाटा. शटर वर करून दाराजवळ मशीन ठेवलेलं, ऊन तिरपं आत येतं. त्या उन्हातही अतिनील किरण असतात, हेडच्या नोझलमधली (बारीक छिद्रांतली) शाई तिथेच घट्ट होते. छपाई चालू असताना लाइन गेली की हेड उघडंच बेडवर (वस्तू ठेवायच्या पाटावर) अडकतं. यूपीएस हवा तो यासाठी. निदान हेड पार्क होऊन झाकलं जाईल एवढा वेळ मिळतो. आरशासारखं सोनेरी ॲक्रिलिक किंवा चकचकीत स्टील छापताना दिव्याचा प्रकाश उलटून हेडवर येतो, तेव्हा पॉवर कमी ठेवा. हेड आणि वस्तूतलं अंतर दोनेक मिलिमीटरच असू द्या.

मे महिन्यात चंद्रपूर-अकोल्याकडे पारा 45 च्या वर जातो आणि टिनाच्या शेडमध्ये शाई जास्तच पातळ होते. खोली साधारण 20 ते 28 अंशांत हवी, म्हणजे एसी आलाच. कुलर अगदीच वाईट नाही, कोरड्या हवेत ॲक्रिलिकवर साचणारी स्टॅटिक वीज ओलाव्याने कमी होते. पण त्याचा झोत बेडवर आला की थेंब भरकटतात, धूळ बसते. हिंगणघाट, वणीकडे जिनिंगच्या दिवसांत कापसाचे तंतूही छापात चिकटलेले दिसतात. पांढरी शाई रोज हलवा, तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड तळाशी बसतं. हातमोजे घाला, कच्च्या शाईने त्वचेला खाज सुटते.

आणि प्रत्येक काम यूव्हीवर ओढू नका. मेळाव्याच्या बॅनरला सॉल्व्हंट फ्लेक्स स्वस्त. टी-शर्टवर ही शाई ताठ बसते आणि तडकते, तिथे स्क्रीन प्रिंटिंग किंवा डीटीएफ (फिल्मवर छापून गरम दाबाने कपड्यावर उतरवणं). पाचशे लग्नपत्रिकांना ऑफसेट. यूव्हीची जागा शिल्ड, नावाची पाटी, ॲक्रिलिकवरचे गजानन महाराज, तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीवर पोराचं नाव, अशा कडक वस्तूंच्या थोड्या नगांची. आहेराच्या भांड्यावर नाव कोरूनच द्या, ते घासणीला पुरतं. आणि कपाच्या आत किंवा ओठ लागतात त्या काठावर छापायला कोणी सांगितलं, तर सरळ नाही म्हणा.